खिडकी लावून शिकवलेला कोकीळ

लातूर आणि नांदेडच्या अभ्यासिकांत, क्लासच्या वर्गांत आणि भाड्याच्या खोल्यांत बसलेल्या मुलामुलींना खुले पत्र

लेकरांनो,

पेपर पंधरा दिवसांवर आलेला असताना कुणाचं पत्र वाचायला तुम्हाला सवड नाही, हे मी जाणते. तुमच्यासारख्यांना जीवशास्त्र शिकवण्यात माझी तेवीस वर्षं गेली, पहिली नऊ नांदेडला आणि पुढची लातूरला. एप्रिल संपत आला की तुमचा दिवस कसा जातो ते मला पाठ आहे. पहाटेचा गजर, टेस्ट, चुकलेल्या प्रश्नांची वही, मेसचा डबा, दुपारी तव्यासारखी तापलेली खोली, कूलरच्या टाकीत ओतलेली बादली, आणि रात्री आईचा फोन, जो "हो, जेवलो" एवढ्यात संपतो. पेपर झाल्यावर निवांत लिहिता आलं असतं. पण जे सांगायचं आहे ते पेपरसाठी थांबणारं नाही. ते आत्ता, याच पंधरवड्यात, तुमच्या खिडकीबाहेर चाललेलं आहे.

आधी माझी चूक कबूल करते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, शंभरावर मुलं. 'ऑर्गॅनिझम्स अँड पॉप्युलेशन्स' या धड्यातलं ब्रूड पॅरासिटिझम चाललं होतं. एका पक्ष्यानं दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालायचं आणि पिलू वाढवायचं काम त्याच्या गळ्यात टाकायचं. बाहेर खिडकीला टेकलेला कडुलिंब होता आणि त्यात बसून कोकीळ असा काही ओरडत होता की मागच्या बाकांपर्यंत माझा आवाज पोचेना. मी खिडकीशी बसलेल्या मुलाला म्हटलं, "खिडकी लाव रे." त्यानं लावली. मग मी शांतपणे कोकीळ शिकवला.

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. खटकलं ते संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी तेच पान पुन्हा उघडलं तेव्हा. बारावीचं एनसीईआरटीचं ते पुस्तक तुमच्यातल्या प्रत्येकाच्या उशाशी आहे. परजीवींचा भाग संपता संपता, व्याख्या आणि उदाहरण देऊन झाल्यावर, पुस्तक लिहिणाऱ्यांनी मुलांना सरळ सुचवलं आहे की विणीच्या हंगामात जवळच्या बागेत जा आणि कोकीळ-कावळ्याची ये-जा बघा. हंगाम कोणता तेही सांगितलं आहे, वसंत ते उन्हाळा. व्याख्येखाली मी दरवर्षी रेघ मारायला लावली. ती सूचना मात्र दरवर्षी ओलांडून गेले. "पुढे चला, यावर प्रश्न येत नाही." ज्या पुस्तकाची ओळ न् ओळ पाठ करा म्हणून मी घसा कोरडा केला, त्यातली तेवढीच ओळ मी सोडत आले, आणि तीच तुम्हाला खोलीबाहेर नेणारी होती.

तुमची 'नीट' परीक्षा सहसा मेच्या पहिल्या रविवारी येते. म्हणजे ज्या आठवड्यांत तुम्ही हे पान तिसऱ्या-चौथ्यांदा उजळणीला घेता, त्याच आठवड्यांत ते पान तुमच्या डोक्यावरच्या झाडात घडत असतं. गेली किती वर्षं हे असं चाललंय आणि आम्ही सगळे खिडक्या लावून बसलोय.

लातूरला नाना-नानी पार्क आहे, नांदेडला विसावा उद्यान आहे. पण तिथवर जायचीही गरज नाही. कावळ्याला बाग लागत नाही. ट्युशन एरियातल्या गल्लीच्या तोंडाचा कडुलिंब, मेसमागचा गुलमोहर, मोबाईलचा टॉवर, यांतलं काहीही त्याला चालतं. एकदा वळवाच्या पावसात एक घरटं खाली पडलं होतं, ते मी घरी आणलं. पिलं आधीच उडून गेलेली होती. उचलताना जड लागलं म्हणून नीट बघितलं, तर निम्म्याहून जास्त घरटं बांधकामावरच्या बांधायच्या तारेचं होतं, ज्या तारेनं सळया बांधतात तिचं. शेजारी होस्टेलचा नवा मजला चढत होता, तिथून एकेक तुकडा वेचून आणलेला. तारांच्या वेढ्यात कपडे वाळत घालायच्या हँगरचा एक वाकडा आकडा अडकवलेला होता. आत वाटीसारखा खळगा, त्याला सुतळीचं आणि नारळाच्या शेंडीचं अस्तर. कुणाची तरी शर्ट अडकवायची सोय त्या कावळ्यानं पळवली होती आणि त्यावर चार पिलं वाढवली होती.

अशा घरट्यावर पाळत ठेवायची. काळाभोर, उन्हात निळसर चमकणारा, लालबुंद डोळ्यांचा, तो नर. "कुहू" चढत्या आवाजात म्हणत जाणारा तोच. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या "कोकिळा गाते" म्हणतात, पण गाणारा कोकीळ असतो. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली. ती पानांत गप्प बसते, नाहीतर घाईघाईनं "किक-किक-किक" करत एका झाडातून दुसऱ्यात शिरते. ती दिसणं अवघड. नर मात्र कधी कधी मुद्दाम दिसतो. घरट्याजवळ येऊन उघड्यावर बसतो, ओरडतो. कावळे चवताळून त्याच्या मागे लागतात आणि तो त्यांना लांब पळवत नेतो. तेवढ्यात ती आत शिरते आणि अंडं घालून निघून जाते. सगळा कारभार काही क्षणांचा. तुम्ही वहीत लिहिलेल्या ब्रूड पॅरासिटिझमच्या व्याख्येत हे पळवणं नाही, ही घाई नाही, आणि दमून परत आलेला कावळा मान वाकडी करून घरट्यात बघतो तो क्षणही नाही.

एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, कावळा एवढा हुशार, मग त्याला कळत कसं नाही?" मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं: कोकिळेचं अंडं रंगानं आणि आकारानं कावळ्याच्या अंड्याच्या जवळ जात गेलं आहे. उत्तर बरोबर आहे. पण तो प्रश्न एका उत्तरानं मिटणारा नव्हता. तिला घेऊन झाडाखाली जायला हवं होतं.

त्याच धड्यात दोन पानं अलीकडे-पलीकडे अंजीर आणि वास्प येतात. म्युच्युअलिझम. आपल्या गावात अंजीर कुठलं, असं वाटून तुम्ही ते परदेशातलं काहीतरी म्हणून पाठ करता. उंबर हे त्याच कुळातलं झाड, वड आणि पिंपळही. लातूर-नांदेडात दत्ताचं देऊळ असेल तिथे उंबर असतोच. मराठीत न दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. झाडाला फळं लगडलेली दिसतात आणि फूल कुणी कधी पाहिलेलं नसतं, कारण फुलं त्या फळाच्या आत असतात, शेकड्यांनी, आतल्या भिंतीला चिकटलेली. टोकाच्या बारीकशा भोकातून एक इवलीशी माशी आत शिरते. आत जाताना तिचे पंखही बहुतेकदा तुटून पडतात. ती अंडी घालते आणि अंगावर आणलेले परागकण फुलांना देते. खाली पडलेलं एक उंबर उचला आणि नखानं फोडा. त्यातून किडे उडाले की लहानपणी आपण "शी" म्हणून टाकून द्यायचो. ते किडे म्हणजेच तुमचा तो चार मार्कांचा प्रश्न.

आता नांदेडची एक आठवण सांगते, कारण तिच्यामुळे मी थोडी बदलले.

भाग्यनगरला एका खोलीत तिघं मुलं राहायची. त्यांतला एकजण एका सकाळी पेनाच्या डबीत काहीतरी घेऊन आला. पुस्तकांच्या कप्प्यामागे, भिंत आणि फळी यांच्या सांध्यात, मातीचं काहीतरी बांधलेलं होतं. झाडलोट करताना एक तुकडा निखळला. आत कोळी होते. मी डबी टेबलावर ओतली. नऊ कोळी, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, आणि त्यांच्यात पिवळट पांढरी एक अळी. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे मेलेले नाहीत." मी चष्मा पुसून बघितलं. खरंच एका कोळ्याचा पाय हलत होता, अगदी सावकाश.

ते घर कुंभारणीचं. गांधीलमाशीसारखी दिसणारी, कमरेत दोऱ्याएवढी बारीक असलेली ती एकटी राहणारी माशी. ती कोळ्याला डंख मारून लुळा करते, ठार मारत नाही, कारण मेलेला कोळी या उन्हात दुसऱ्या दिवशी वाळून जाईल. जिवंत, पण हलता न येणारे कोळी एकेका मातीच्या कोठडीत ठासून भरायचे, त्यांवर एक अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. अळी बाहेर आली की तिला ताजं अन्न तयार. मी त्या मुलाला विचारलं, "या वाळलेल्या शहरात मे महिन्यात ती ओली माती आणते कुठून?" तो म्हणाला, "बघतो." दोन दिवसांनी सांगत आला. खिडकीतल्या कूलरचं पाणी ठिबकून खाली भिंतीच्या कडेला हाताएवढी जागा ओली राहत होती. कुंभारीण तिथे उतरायची, डोकं खाली घालून गुणगुणत माती मळायची, मोहरीपेक्षा मोठी गोळी जबड्यात धरून दुसऱ्या मजल्यावर जायची. त्यानं घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या होत्या. त्याच्या हातात टेस्टची पाठकोरी उत्तरपत्रिका होती आणि तिच्यावर त्यानं वेळा लिहून आणल्या होत्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला मार्क मिळणार नव्हते.

त्याचं पुढे काय झालं, त्याला ॲडमिशन मिळाली का, हे मी मुद्दाम सांगत नाही. मिळाली असं सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी मार्क वाढवायची युक्ती सांगते आहे. यानं मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही. मला ती पाठकोरी उत्तरपत्रिका आठवते, एवढंच.

तुम्हाला डॉक्टर व्हायचं आहे म्हणून एका डॉक्टरची गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. नांदेडहून गाडीत बसलं की काही तासांत सिकंदराबाद येतं. तिथे रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर मलेरिया कसा पसरतो ते शोधत होता. त्यानं डासांमागून डास फाडून बघितले आणि हाती काही लागलं नाही, कारण तो चुकीच्या जातीचे डास बघत होता. मग ठिपकेदार पंखांचे वेगळे डास त्याच्यासमोर आले. हुसेन खान नावाच्या एका मलेरियाच्या रुग्णाला ते डास चावू दिले, त्यासाठी त्याला डासामागे एक आणा दिला. आणि २० ऑगस्ट १८९७ ला रॉसला त्या डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा जंतू दिसला. त्याला १९०२ चं नोबेल मिळालं. ॲनॉफिलीस, क्युलेक्स, एडिस ही तीन नावं तुम्ही व्हेक्टर म्हणून एका दमात म्हणता. त्यांतल्या पहिल्या दोन नावांमधल्या स्वल्पविरामात एका माणसाचे महिनोन्‌महिने गेले आहेत. आज रात्री भिंतीवर डास दिसला तर मारण्याआधी एकदा तो बसलाय कसा ते बघा. भिंतीला समांतर असेल तर क्युलेक्स किंवा एडिस, बूड वर उचलून तिरका असेल तर ॲनॉफिलीस. मग खुशाल मारा.

उन्हाबद्दल बोलायचं राहिलं. आपल्याकडे एप्रिल-मेला पारा चाळिशी ओलांडतो, तुमच्या खोल्यांत त्याहून वाईट. या उन्हात बाहेर काय दिसणार, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याकडे बऱ्याच पाखरांची वीण याच दिवसांत असते. तांबट पक्षी भर दुपारी ठोके घालत बसतो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्, टुक्, टुक्, न थकता. नाव त्यावरूनच पडलं. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला तो भोक कोरतो आणि त्यात राहतो. फांदी वाळकी दिसली म्हणून लोक तोडून टाकतात. अभ्यासिकेत बसून हा आवाज तुम्ही दिवसभर ऐकता आणि कुठेतरी पंप चालू आहे असं समजता. शहराबाहेर, विष्णुपुरीकडे विद्यापीठाच्या बाजूला गेलात तर तारेवर वेडे राघू बसलेले दिसतील. मधमाशी पकडून तिला तारेवर आपटतात, डंख निघून जावा म्हणून, आणि मगच गिळतात. बहावा फुलला असेल तिथे भुंगे बघा. काळा, अंगठ्याएवढा भुंगा फुलाला मिठी मारतो, आणि त्याचा आवाज एकदम बदलून चढतो. पंख न उडवता अंग थरथरवून तो परागकोशातून पराग झाडून घेत असतो.

आणि टिटवी. २०१६ चा उन्हाळा तुमच्यातल्या मोठ्यांना अंधुक आठवत असेल. मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या भागात टँकर यायचा तिथे एक मोकळा प्लॉट होता, मुरूम टाकलेला. माणसांची रांग लागायची, घागरी, कॅन, बादल्या. टँकरचा कॉक गळायचा आणि खाली थोडा चिखल व्हायचा. त्या चिखलावर माणसांच्या पायांमधून मधमाश्या उतरायच्या, गांधीलमाश्या उतरायच्या, बुलबुल यायचे. माझ्या लक्षात आलं की एक टिटवी रांग पांगली की धावत येते, त्या ओल्यात पोट टेकवून बसते, अंग घुसळते आणि परत जाते. पाणी पीत नव्हती. मी तिच्या मागे नजर ठेवली. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला मुरमातच चार अंडी होती, खड्यांत मिसळून गेलेली. ती जाऊन बसली नसती तर माझा पाय पडला असता. पोटाची पिसं भिजवून आणून ती अंडी गार ठेवत होती. पाण्याच्या त्या टंचाईत तिनं आपला वाटा असा घेतला. रात्री टिटवी ओरडली की आपल्याकडे अपशकुन मानतात. त्या उन्हाळ्यानंतर मला तसं कधी वाटलं नाही. कुत्रं किंवा माणूस अंड्यांजवळ आलंय, एवढंच ती सांगत असते.

हे सगळं तुम्हाला नवीन आहे असं समजून मी लिहीत नाही. उलट, तुमच्यातल्या निम्म्यांना यातलं बरंच माझ्याआधीपासून माहीत आहे. तुम्ही मुखेड, कंधार, देगलूर, निलंगा, जळकोट, अहमदपूरकडची माणसं. दोन वर्षांपूर्वी बाप तुम्हाला ट्रंकेसकट खोलीवर सोडून गेला, आणि गावी जे कळत होतं ते तुम्ही एसटी स्टँडवरच ठेवून आलात, कारण इथे त्याचा उपयोग नाही असं आम्हीच तुम्हाला भासवलं.

त्या खिडकीच्या प्रसंगानंतरच्या वर्षी मी तोच भाग शिकवत होते. या वेळी खिडकी उघडी होती. कोकीळ ओरडला, सगळे हसले, आम्ही थांबलो. मग लांबून दुसराच आवाज आला, तीन सुरांत चढत जाणारा, पुन्हा पुन्हा, आणखी वर, आणि टोकाला जाऊन तुटणारा. मी विचारलं, "हा कोण?" वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात स्वतःहून कधी बोलला नव्हता, तो उठला. "मॅडम, हा पावशा. पेरते व्हा म्हणतो. हा वरडला की आमचे बाबा तिफण काढून ठेवतात." मी त्याला विचारलं, "तो घरटं कुठे करतो रे?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "घरटं कधी बघितलं नाही त्याचं. पण सातभाई त्याच्या पिल्लाला चारत असतात, ते बघितलंय. लई मोठं पिल्लू आणि सातभाई एवढुसे." आणि बोलता बोलता त्याला उमगलं. फळ्यावर जे लिहिलं होतं ते त्यानं आपल्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली, आठवीत असताना पाहिलं होतं. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. पावशा कोकिळेच्याच कुळातला, आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा. पुस्तकात त्याचं नाव नाही. ते उदाहरण त्या दिवशी वर्गाला त्या मुलानं दिलं.

तुम्ही फोनवर आईशी दोन मिनिटं बोलता. आज तिला विचारा, पावशा ओरडायला लागला का? फोन दोन मिनिटांत संपणार नाही. तिलाही कळेल की तिच्या रानातली एखादी गोष्ट तुमच्या पुस्तकात आहे. आणि जूनच्या तोंडावर, निकालाची वाट बघत गावी बसलेले असाल तेव्हा काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक बघायला विसरू नका. तो आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या पुढेमागे येतो, आणि त्याचीही अंडी सातभाईंच्याच घरी. पहिला चांगला पाऊस पडला की बांधावर मखमली लाल मृगाचे किडे निघतील. आपण किडा म्हणतो, पण एक तळहातावर घ्या आणि पाय मोजा. मग तो इन्सेक्टा की अरॅक्निडा, ते तुमचं तुम्हीच सांगा.

मागते आहे ते फार नाही. दिवसातली दहा मिनिटं, उजाडताना. फोन खोलीत ठेवायचा. चालायचं नाही, पळायचं नाही, एका जागी उभं राहायचं आणि कानावर काय पडतं ते आधी ऐकायचं, मग वर बघायचं. पहिले दोन दिवस काही दिसणार नाही, कावळे आणि पारवे तेवढे. तिसऱ्या दिवशी तुम्हाला कळेल की कावळे दोन प्रकारचे आहेत, राखाडी मानेचा आणि सगळा काळा. नाव माहीत नसलं तर बिघडत नाही. सलीम अलींना पक्ष्यांची ओढ लागली ती लहानपणी हाती आलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीचं नाव माहीत नव्हतं म्हणून. पुढे १९३१-३२ च्या सुमारास त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. आणि मराठी नावं हवी असतील तर मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आहे. ते आपल्या शेजारच्या सोलापूरचे होते.

होस्टेल चालवणाऱ्या काका-काकूंनाही दोन शब्द. गच्चीला कुलूप का असतं ते मला कळतं आणि त्यावर मी वाद घालणार नाही. लेकरांचा जीव आधी. पण सकाळी अर्धा तास तुमच्यापैकी कुणी सोबत थांबून दार उघडलं, तर मुलं तुम्हाला दुवा देतील. कूलरच्या मागे होल्यानं चार काड्या ठेवून अंडी घातली असतील तर तीन-चार आठवडे तो कूलर तसाच राहू द्या. कुंभारणीची माती खरवडू नका, ती मुद्दाम कुणाला चावत नाही. आग्या मोहोळ असेल तर मात्र मुलांना लांब ठेवा आणि जाणकार माणूस बोलवा. धूर करून धाडस करू नका. पाण्याचं मातीचं पसरट भांडं ठेवणार असाल तर त्यात एक दगड टाका, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत, आणि दोन दिवसांनी ते पाणी ओता, म्हणजे त्यात डास होणार नाहीत.

माझ्यासारख्या शिक्षकांना काही सांगायचा मला अधिकार नाही. मी स्वतःच इतकी वर्षं ती ओळ गाळली आहे. या वर्षी मात्र रेघ तिथेही मारायला लावली.

माझ्या गॅलरीसमोर, तिसऱ्या मजल्याच्या खाली, बदामाच्या झाडात कावळ्याचं घरटं आहे. वरून आत दिसतं. सोमवारी चार अंडी होती, निळसर हिरवी, तपकिरी शिंतोड्यांची. काल सकाळी सहाच्या सुमारास नर कोकीळ समोरच्या विजेच्या खांबावर येऊन बसला, अगदी उघड्यावर, आणि दोन्ही कावळे त्याच्यावर तुटून पडले. तिघंही औसा रोडच्या दिशेनं दिसेनासे झाले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि तिथेच फसले. मान वळवली तेव्हा ठिपक्यांचं काहीतरी पानांतून बाहेर निसटत होतं. आज पुन्हा मोजली. पाच आहेत. एक किंचित लहान आहे, रंगानं जरा मळकट. कावळ्याचं अंडं फुटायला सोळा-सतरा दिवस लागतात, कोकिळेचं बारा-तेरा दिवसांत फुटतं. म्हणजे तुम्ही हॉल तिकीट घेऊन केंद्रावर जाल, त्या सुमारास पाचव्या अंड्यातलं पिलू घरट्यात तोंड वासून बसलेलं असेल, आणि कावळा त्याला भरवत असेल.

तुमची,
जीवशास्त्राची मॅडम
लातूर